क्रीटला निघण्याआधी नवऱ्याचे खिसे तपासा

विमानाने सुट्टीला जायचं असेल तर पहिली गोष्ट मी सांगते, कारण तिकिटं विकणारी पोरगी ती तुम्हाला सांगणार नाही. बॅगेचं वजन, रांग, खिडकीची जागा, हे सगळं मागाहून. आधी घरातल्या माणसाकडे नीट बघा. तो फार गप्प असेल तर त्याचे खिसे तपासा. आणि फार मदत करत असेल तर दोनदा तपासा.

माझा निकिफोर त्या आठवड्यात इतकी मदत करत होता की मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा चमचा विसळला नाही, त्याने माझी बॅग पुसली, तिच्या चाकांना तेल घातलं आणि कोंबड्यांना समजावून सांगितलं की आम्ही आठवडाभर नाही. खरंच सांगत होता. मी खिडकीतून ऐकलं. त्यातली लाल कोंबडी रडली सुद्धा. आता तुम्ही म्हणाल कोंबडी कशी रडेल, तर तुम्ही आमची लाल कोंबडी बघितलेली नाही.

मी विमानात पहिल्यांदा बसत नव्हते, हेही सांगून टाकते. नाहीतर वाटेल, म्हातारी जवळच्या ओर्हेईच्या बाजारापलीकडे गेलेली नाही. मी नऊ वर्षं इटलीत होते, बोलोन्याला. आमच्या गावातल्या निम्म्या बायका जातात तशीच गेले, तिथल्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला. पहिली म्हातारी वारली, दुसरी मिळाली. दुसरी एवढी जाड होती की तिला कुशीवर वळवलं की खालच्या मजल्यावरचं झुंबर हलायचं. तिची पाठ चोळायला मी शिडी लावायचे. लहानशीच शिडी होती, पण होती. त्या पैशातून घरावर नवं छप्पर आलं, विहिरीवर पंप आला, आमची लेक औरिका शिकली. निघताना निकिफोरला सांगितलं होतं, एक वर्ष. ते जरा लांबलं.

तर विमानात मी पुष्कळदा बसले, पण दरवेळी कुणातरी आजाऱ्याच्या पलंगाकडे निघालेली. मला एकदा, हातपाय चालतायत तोवर, विमानात बसून काहीही न करायला जायचं होतं. समुद्रात गळ्यापर्यंत उभं राहायचं, आणि शेजारी निकिफोरला उभं करायचं. त्याने समुद्र बघितला होता तो लष्करात असताना, मालगाडीच्या फटीतून, आणि तेव्हासुद्धा मध्ये एक घोडा उभा होता.

औरिका राजधानीत असते, किशिनाऊला. तिकिटं तिने काढली, तिच्या फोनवर. मी तिला म्हटलं, ऑगस्टमधली काढू नकोस. ऑगस्टमध्ये सगळं जग समुद्रावर जातं, वाळू दिसत नाही, नुसती पोटं दिसतात. सप्टेंबर लागला की काढ, द्राक्षं उतरवायच्या आत. विमान बदलायला लागणारं काढू नकोस, मधल्या विमानतळावर तुझा बाप हरवेल आणि मी शोधणार नाही. आणि भर दुपारचं काढ. पहाटेचं विमान स्वस्त असतं, पण त्यासाठी रात्रभर जागायचं आणि सुट्टीचा पहिला दिवस झोपून घालवायचा, त्यापेक्षा घरी झोपलेलं काय वाईट.

"आई," औरिका म्हणाली, "बाबा येणार आहेत ना नक्की?"

"चाकांना तेल घालतोय," मी म्हटलं.

बॅगेचं म्हणाल तर, गावात कुणाला सांगू नका. आमच्याकडे कुणी देशाबाहेर निघालं असा नुसता वास आला तरी लोक गाठोडी घेऊन दारात येतात. कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची भाची तिकडे, आणि नाही म्हणायची पद्धत नाही. मी क्रीटला चालले होते, तर एकीने पॅरिसला द्यायचं चीज आणलं. म्हणाली, "तिकडेच तर आहे ना." ते मी परत पाठवलं. पण शेजारच्या तेक्लाला नाही म्हणता येईना. तिची भाची क्रीटमधल्या एका हॉटेलात चादरी धुते. तिच्यासाठी तेक्लाने आंबट चेरीचा मुरंबा दिला, ही एवढी बरणी. मोठी बॅग तोवर अशी गच्च झाली होती की ती बंद करताना मी, निकिफोर आणि सहज आलेले पाद्रीबाबा, तिघं तिच्यावर बसलो होतो. म्हणून बरणी मी हातातल्या पिशवीत टाकली. हे करू नका. का ते पुढे कळेल.

निघायचा दिवस उजाडला. पांतेलेई गाडी घेऊन आला. पांतेलेई म्हणजे औरिकाचा धर्मबाप, तेव्हा नात्याने आमचा कुमात्रु आणि मी त्याची कुमात्रा. त्याच्या गाडीचं मागचं दार पट्ट्याने बांधलेलं असतं आणि पुढचं नुसत्या शब्दावर टिकतं. बॅगा चढल्या, कोंबड्या तेक्लावर सोपवल्या, आणि आम्ही बसायला आत आलो. प्रवासाला निघताना सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं असतं. चांगल्या खोलीत बसलो, जिथे देव आणि पाहुणे सोडून एरवी कुणी बसत नाही. गालिच्यावर, कोपऱ्यातल्या तसबिरींसमोर.

मी बसले आणि उठले. पांतेलेई बसला आणि उठला. निकिफोर बसला तो बसलाच.

"ऊठ की."

"नीट बसू दे. जे नीट न बसता गेले त्यांचं काय झालं, ठाऊक आहे ना."

"काय झालं?"

"नऊ वर्षं आले नाहीत."

पांतेलेईला एकदम खोकला आला. मी म्हटलं, याची जुनी खोड, सणासुदीला एक टोमणा मारल्याशिवाय याचं जेवण पचत नाही. त्याला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर काढलं.

फाटकाशी तेक्ला भरलेली बादली घेऊन उभी होती. निघताना समोर भरली बादली आली की प्रवास चांगला होतो, म्हणून बिचारी उजाडल्यापासून उभी. तिचा तो हात त्या दिवसापासून दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब आहे.

"हळू जा गं," ती म्हणाली, "आणि भाचीला सांग, बरणी परत हवी."

गाडी निघाली आणि मला कुठे चैन पडेना. हे माझं नेहमीचंच. मी पिशवी उघडली, मिटली, परत उघडली. माझा पासपोर्ट होता. औरिकाने छापून दिलेले कागद होते. मुरंबा होता. अक्रोडाच्या झाडांची रांग मागे पडत होती आणि आम्ही अर्ध्याच्या जवळपास आलो होतो.

"तुझा पासपोर्ट दाखव," मी निकिफोरला म्हटलं.

त्याने एक खिसा चाचपला. मग दुसरा. मग टोपी काढून टोपीत बघितलं.

"राहिला," तो म्हणाला.

"कुठे राहिला?"

"घरी. देवांच्या मागे."

"देवांच्या मागे कशाला ठेवलास?"

"सांभाळून राहावा म्हणून."

पांतेलेईने गाडी एका अक्रोडाखाली उभी केली आणि आरशातून आमच्याकडे बघत राहिला. आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे उंबरा ओलांडून निघालं की परत फिरायचं नाही. काही राहिलं तर राहिलं. परत फिरून घरात पाय टाकला की तो प्रवास मोडला. पांतेलेईचा चुलता विसरलेल्या टोपीसाठी मागे फिरला होता, तर वाटेत त्याची घोडी मेली, गाडी मोडली आणि घरी आला तर बायकोने त्याला ओळखलं नाही. टोपी मात्र सापडली. मी स्वतः बोलोन्याला जाताना चष्मा विसरले होते. परत फिरले नाही. पहिला महिना म्हातारीची औषधं वासावरून ओळखली.

"मग काय," निकिफोर म्हणाला. "संपलं. पांतेलेई, वळव. घरी जाऊ, मक्याच्या पिठाची मामालिगा करू."

"घरी जायचं म्हणजे परत फिरणंच झालं की," मी म्हटलं.

"ते परत फिरणं नव्हे. ते न जाणं. दोन्हींत फरक आहे."

मी त्याच्याकडे वळून बघितलं. माझा नवरा पत्त्यांत लबाडी करतो तेव्हा त्याचे कान लाल होतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही, आवाजात काही कळत नाही, फक्त कान. त्या दिवशी ते असे लाल होते की पांतेलेईने त्यावर सिगारेट पेटवली असती.

मला वाटलं, घाबरला. विमानाला घाबरला म्हातारा. आणि त्याने बरोबर ताडलं होतं की अगाफिया, म्हणजे मी, एकटी जाणार नाही आणि अगाफिया परत उंबरा ओलांडणार नाही. पंचेचाळीस वर्षं एका ताटात जेवल्यावर एवढं तर कळतंच.

"कुमात्रु," मी म्हटलं, "वळव गाडी. मामालिगा नाही करायची. पासपोर्ट घ्यायचाय."

"कुमात्रा, परत जायचं म्हणतेस?"

"उंबरा नाही ओलांडायचा. खिडकी आहे."

घरी आलो तर तेक्ला आमच्या कोबीला पाणी घालून रिकामी बादली झुलवत फाटकातून बाहेर येत होती. रिकामी बादली समोर. पांतेलेईने छातीवर क्रूसाची खूण केली.

"मेले, सांगून तरी यायचं," तेक्ला म्हणाली. "सकाळपासून भरलेली होती."

अंगणात चालणं म्हणजे घरात जाणं नव्हे, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पांतेलेईला गोठ्यातून निकिफोरची मासे धरायची काठी आणायला सांगितली. चांगल्या खोलीची खिडकी बाहेरून ढकलून उघडली. कोपऱ्यात तसबिरी दिसत होत्या, मधोमध संत निकोलाय, प्रवाशांचा रक्षणकर्ता, आणि त्याच्या मागून पासपोर्टाचं निळं टोक. पांतेलेईने गळ टाकला. पहिल्यांदा पडदा आला. दुसऱ्यांदा माझ्या आईने विणलेला रुमाल आला. तिसऱ्यांदा गळ गालिच्यात अडकला आणि पांतेलेई ओढायला लागला, तो सगळी खोलीच खिडकीतून बाहेर येते की काय असं वाटलं.

"मोठा मासा दिसतोय," तेक्ला म्हणाली.

निकिफोर जरा लांब, द्राक्षांच्या मांडवाखाली हात मागे बांधून उभा होता. मदत करत नव्हता. आठवड्यात पहिल्यांदाच.

"उशीर होतोय," मी म्हटलं.

"होतोय खरा," तो म्हणाला.

त्याच्या त्या आवाजाने माझं डोकं फिरलं. मी खिडकीपासून सरळ दाराकडे गेले आणि उंबरा ओलांडून आत शिरले. मागे तेक्लाची बादली हातातून पडल्याचा आवाज आला.

आत जाऊन संत निकोलायला बाजूला केलं. पासपोर्ट तिथे नुसता ठेवलेला नव्हता. वेल बांधायच्या तारेने खिळ्याला बांधलेला होता. तार चांगली पिळून, टोक आत दुमडून. गळ काय, त्याला बैल लावला असता तरी निघाला नसता. विसरलेली वस्तू कुणी असं बांधत नाही.

मी नखांनी तार सोडवत होते तेव्हा मागे पाऊल वाजलं. तो पण आत आला होता. त्याने पण उंबरा ओलांडला होता.

"विमानाची भीती वाटते, तर सांगायचं होतंस," मी वळून न बघता म्हटलं. "तिथे गोळी मिळते. झोप लागते."

"विमानाची कसली भीती. ट्रॅक्टर अंगावर पडला तेव्हा नाही घाबरलो."

"मग हे काय?"

तो कोपऱ्यातल्या तसबिरींकडे बघत होता.

"त्याच विमानतळावर सोडलं होतं मी तुला," तो म्हणाला. "एक वर्ष म्हणालीस."

"या खेपेला तू बरोबर आहेस, येड्या."

"असेन. तिथे तुला एखादी म्हातारी दिसली तर?"

"कसली म्हातारी?"

"कसलीही. जिला कुणी वळवायला नाही अशी. तू आलीस त्याला किती वर्षं झाली, एकदा तरी बसलीस का घरात? जेवताना उभी. टीव्ही बघताना उभी. वरून विमान गेलं की अंगणात येतेस. मला वाटतं, आलीस ती नुसती बॅग ठेवायला आलीस."

तार माझ्या बोटात रुतली. पासपोर्ट सुटला. मी निकिफोरला दंडाला धरून आरशासमोर उभं केलं.

"जीभ काढ."

"काय?"

"परत फिरलोय. आरशात बघून जीभ काढली की अपशकुन उतरतो. काढ."

दोघांनी काढली. त्याची पिवळी, माझी मुरंब्याची, कारण बरणी बरोबर बांधली आहे का ते मी सकाळी चाखून बघितलं होतं. खिडकीत पांतेलेई काठी धरून उभा होता आणि त्याच्या खांद्यावरून तेक्ला बघत होती.

"कुमात्रा," पांतेलेई म्हणाला, "मी गाडी चालू ठेवतो."

किशिनाऊपर्यंत तो कसा चालवत होता हे मी औरिकाला आजवर सांगितलेलं नाही. एका वळणावर दार निघून शेतात गेलं. ते आम्ही येताना घेतलं. तुम्ही मात्र असं करू नका. विमानतळावर लवकर जा, अगदी कंटाळा येईल इतकं लवकर जा. तिथे कंटाळलेला माणूस सुखी माणूस असतो. आम्ही पोचलो तेव्हा बॅगा घेणारी बाई खुर्ची सरकवून उठत होती. मी आमची बॅग अशी जोराने पट्ट्यावर टाकली की तिला परत बसावंच लागलं.

मग तपासणीला पिशवी गेली आणि पिशवीतून बरणी निघाली.

"हे नेता येणार नाही," तिथली पोरगी म्हणाली. "पातळ वस्तू आहे."

"हा मुरंबा आहे, बाळ."

"मुरंबा म्हणजे पातळच."

"आमच्या तेक्लाचा नाही. तिच्या मुरंब्यात चमचा उभा राहतो. वर पाद्रीबाबा उभे राहतील."

पोरीने बरणी तिरपी केली. मुरंबा हलला. त्या दिवशी तेक्लाचं नाव गेलं. टाकून द्या म्हणाली. अन्न टाकायचं म्हणजे काय, मी झाकण उघडलं, पिशवीतून चमचा काढला आणि निकिफोरच्या तोंडात भरवायला लागले. मागच्या माणसालाही दिला. त्याच्या मागे एक नवरा-नवरी होते, त्यांना दिला. सांगायचं तर त्या दिवशी त्या रांगेतले सगळे लाल ओठांनी विमानात चढले आणि ती तपासणारी पोरगी सुद्धा, मी कुणाला सांगणार नाही म्हटल्यावर, बोट बुडवून गेली. रिकामी बरणी नेता येते. तेवढं लक्षात ठेवा.

विमानात मी निकिफोरला खिडकी दिली. त्याने डोक्यावरची हवेची भोकं आधी बंद केली, आपली, माझी, मग उठून पुढच्यांची आणि मागच्यांची. वाऱ्याचा झोत मानेवर लागला की माणूस वाकडा होतो, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. विमानभर लोक वर्तमानपत्राने वारा घेत बसले. ढग आले, समुद्र आला, सबंध समुद्र, मध्ये घोडा नाही काही नाही. निकिफोरने तिकडे बघितलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी संडासला गेले तर मान वळवून बघत राहिला. विमानातून मी कुठे जाणार होते?

क्रीटला पहिल्या सकाळी मी उठून हॉटेलातला पलंग आवरला. मग चादरी ताणल्या. मग न्याहारीला गेलो तिथे शेजारच्या टेबलावरच्या बश्या एकात एक ठेवल्या, तेव्हा निकिफोरने माझ्या हातावर हात ठेवला. "बस," तो म्हणाला. मी बसले. पाय खाली हलत होते. दुसऱ्या दिवशी तेक्लाच्या भाचीला बरणी द्यायला गेले आणि तिला चार चादरी पिळू लागले. ती म्हणाली, "मावशी, सुट्टीवर आहात ना तुम्ही." मी म्हटलं, "हो गं, तीच चाललीय."

सुट्टी घेणं सोपं नाही. तिकीट काढलं म्हणजे सुट्टी झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्यासारखं आयुष्य काढलेलं नसतं.

मग तो दिवस. आम्ही वाळूवर होतो. निकिफोर मोज्यांसकट. मी चपला काढल्या होत्या आणि आता पाण्यात जायचं म्हणून उभी राहिले होते. तेवढ्यात जरा पलीकडे एक माणूस एका म्हातारीला चाकांच्या खुर्चीतून पाण्याकडे न्यायला बघत होता. खुर्ची वाळूत रुतलेली आणि तो मागून ढकलत होता. वाळूत कधी ढकलतात का? म्हातारी एका बाजूला कलली होती आणि तिची उशी घसरून कमरेखाली गेली होती. ती हळू आवाजात बोलत होती, इटालियनमध्ये. म्हणत होती, "पाठ, पाठ."

मी गेले. मी जायचं ठरवलं नाही, नुसती गेले. खुर्ची वळवली, मागून ओढत घेतली, बगलेत हात घालून म्हातारीला वर सरकवलं, उशी जागेवर बसवली. पदर असता तर तिचं तोंड पुसलं असतं, टॉवेलाने पुसलं. तिने माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले. माझा हात बरोबर कुठे ठेवायचा ते माझ्या हाताला ठाऊक होतं.

"सिन्योरा, तुम्ही हे काम केलंय," तो माणूस म्हणाला, तिचा मुलगा होता तो.

"केलंय."

"आम्ही मोडेनाला असतो. घरात वेगळी खोली आहे. आईला कुणी टिकत नाही. हिवाळ्यापुरतं तरी आलात तर..."

बोलोन्यापासून मोडेना म्हणजे पलीकडची गल्लीच. मला ते सगळं दिसलं, ती खोली, औषधांचा डबा, सकाळचा बाजार, सगळ्यांना हवी असलेली मी. खोटं बोलायची मला सवय आहे, पण इथे खरं सांगते, माझे पाय निघाले होते.

मागे बघितलं. निकिफोरला इटालियनचा एक शब्द येत नाही. तो उभा होता आणि माझ्या चपला त्याच्या हातात होत्या. दोन्ही, छातीशी धरलेल्या. चपला आपल्याकडे असल्या की बाई लांब जाणार नाही, असं काहीतरी त्या डोक्यात असणार. तो माझ्याकडे आला नाही. हाक मारली नाही. नुसता धरून उभा.

मी म्हातारीची बोटं एकेक करून सोडवली. तिच्या मुलाला सांगितलं, मागून ओढत जा, आणि उशी दर तासाला बघ. मग मी सरळ पाण्यात गेले, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. तिथवर कुणाची हाक पोचत नाही, म्हणून.

"ये की," मी निकिफोरला ओरडून म्हटलं.

"चपला कोण धरणार?"

"ठेव तिथे. कोण नेतंय."

"नाही."

मग तो आला. मोज्यांसकट, विजारीसकट, दोन्ही हात वर आणि हातात माझ्या चपला, जणू नदी ओलांडताना बंदूक भिजू द्यायची नाही. लोक बघत होते. एकाने फोटो काढला. तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, पाणी त्याच्या हनुवटीला, चपला डोक्यावर.

"परत कधी निघायचं?" त्याने विचारलं.

"शनिवारी."

"दोघं?"

"दोघं."

लाट आली, आम्ही दोघं जरा उचललो गेलो आणि परत टेकलो.

"दोघं?" तो पुन्हा म्हणाला.

"दोघं रे."

पुढच्या लाटेला त्याने परत विचारलं, आणि त्याच्या पुढच्याही. मी दरवेळी तेच सांगितलं आणि दरवेळी ते खरं होतं. पाण्याखाली माझे पाय मात्र एका जागी राहत नव्हते. पण तिथलं त्याला दिसत नव्हतं.